खडीसाखरेची कावड

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अख्खं अकोला शहर रस्त्यावर असतं. आदल्या दिवशी गल्लोगल्लीची मंडळं गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी कावडीत भरतात आणि सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत येऊन राजराजेश्वराला घालतात. ही चाल माझ्या जन्माआधीची. कुठल्याशा दुष्काळात गावची पोरं नदीवरून पाणी घेऊन आली, देवाला घातलं, आणि मग दरवर्षी आणत राहिली. आमच्या कासारगल्लीची कावड मात्र उशिरा सुरू झाली, बहात्तर साली. सुरू केली ती मी आणि चंद्रभाननं.

आमच्या कावडीत एक वेगळी गोष्ट आहे. नदीवर भरणी भरली, म्हणजे कावडीला टांगायचे पाण्याचे हंडे भरले, की प्रत्येक भरण्यात खडीसाखरेचा एक खडा टाकतात. का टाकतात, असं गल्लीतल्या कोणालाही विचारा. पहिल्या वर्षी पूर्णामाईचं मचूळ पाणी वाटेत गोड झालं होतं, त्याची आठवण.

पाणी गोड झालं होतं हे खरं आहे. मी स्वतः ते खांद्यावरून आणलं. कसं झालं हे मात्र मी पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नाही. माणूस तसा मी बडबड्या. तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, उभ्या माणसाला बसता आणि बसलेल्याला उभं करता करता घसा बसला. पण ही एक गोष्ट घशाखाली राहिली ती राहिलीच.

परवाच्या वर्षी, करोनाची दोन वर्षं गेल्यावर, पुन्हा कावड निघायचं ठरलं. पन्नास वर्षं झाली म्हणून सुवर्णमहोत्सव. करोनानं खाल्लेली दोन वर्षं धरायची की नाही यावर मंडळात आठ दिवस भांडण झालं, ते निराळंच. मग एका सकाळी किशोर घरी आला. किशोर म्हणजे चंद्रभानचा मुलगा, मंडळाचा अध्यक्ष. चंद्रभान करोनात गेला. पोरानं बापाचं तोंडही धड पाहिलं नाही.

किशोरनं मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना दाखवला. एका बाजूला चंद्रभान, दुसऱ्या बाजूला मी. माझा फोटो निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार आणि चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं गेलेला मीच आहे.

"काका, अजून एक हाय," तो म्हणाला. "निंबखेड फाट्यावर, त्या निंबाखाली, शिळा बसवून राहिलो आमी. काळा दगड. मजकूर देल्ला कोरायले."

त्यानं वाचून दाखवलं. 'येथे श्री. चंद्रभान व श्री. वामनराव यांच्या भक्तीने पूर्णामाईचे जल गोड झाले.'

"सोमवारी कावड तथी थांबन, पडदा तुमच्या हातानं. दोन शब्द बोला फक्त."

मी चहा घेत होतो. तो मला खारट लागला, असं म्हणायचा मोह होतोय, पण तसं काही नाही. चहा चांगला होता. कप मीच तसाच खाली ठेवला. तोंडी बोललेलं खोटं माणसांबरोबर मरून जातं, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. दगडावर कोरलेलं कसं मरणार? आणि तो दगड नेमका तिच्या दारात बसणार होता.

ती म्हणजे दुर्गाबाई. पण आधी बहात्तर साल सांगतो.

सलग दुसरं वर्ष कोरडं जात होतं. श्रावण निम्मा सरला तरी आभाळ स्वच्छ. गल्लीतल्या भट्ट्या बंद, कारण भांडी घेणार कोण? चंद्रभानची आई लीलाबाई म्हणाली, बाकीच्या पेठांच्या कावडी जातात, आपणच नेत नाही, म्हणून देव आपल्याकडे बघत नाही. तिनं घरातल्या दोन तांब्याच्या घागरी काढल्या, चिंचेनं घासल्या आणि बांबूला टांगून दिल्या. मी बावीसचा, चंद्रभान तेवीसचा. दोघांनी उपास धरला. एकच नियम होता. पाणी भरल्यावर कावड जमिनीला टेकवायची नाही.

पूर्णा आटली होती. वाळूत झिरा खोदला, तासाभरानं पाणी साचलं. मचूळ, जिभेला चिकटणारं. आमचा तो सगळा पट्टाच खारपाणाचा. विहीर खोदा नाहीतर हापसा मारा, पाणी खारंच. आम्ही घागरी भरल्या आणि निघालो. कोसभर चंद्रभान, कोसभर मी.

निंबखेड फाट्यापाशी माझी पाळी होती. ऊन असं, की डांबर तळव्याला चिकटत होतं. पोटात काल दुपारपासून काही नाही. मला एवढंच आठवतं की समोरचं निंबाचं झाड एकाचं दोन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा मी सावलीत आडवा होतो, बांबू रस्त्यावर पडला होता, आणि दोन्ही घागरी तोंडावर उपड्या. पाण्याचा ओघळसुद्धा उरला नव्हता, माती सगळं पिऊन बसली होती.

चंद्रभान माझ्याकडे बघत नव्हता. तो घागरींकडे बघून रडत होता, लहान मुलासारखा, नाक ओढत.

तेवढ्यात शेताच्या वाटेनं एक बाई आली. बाई कसली, पोरगीच, अठराएक वर्षांची, नव्या लग्नाची. डोक्यावर एकावर एक दोन घागरी. आम्हाला बघून थांबली.

"काय झालं हो बाप्पा?"

"पानी," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं घागरी उतरवल्या. पण लगेच ओतलं नाही. आमच्या कपाळाचं गंध बघितलं, कावड बघितली, आणि सरळ म्हणाली, "आमी बौद्ध आहो. चालन काय?"

मी ओंजळ पुढं केली. तिनं ओतलं. ते पाणी गोड होतं. नुसतं थंड नाही, गोड. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याची चव काय असते हे तिथल्यालाच कळेल. चंद्रभानही प्यायला, रडता रडता. मग तिनं आमच्या रिकाम्या घागरींकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली, आणि आपल्या दोन्ही घागरी आमच्या घागरींत रिकाम्या केल्या.

"घ्या अन् जा," ती म्हणाली. "मी आनतो आनखी."

ती आली त्याच वाटेनं परत गेली. ती विहीर दीड कोसावर नाल्याकाठी तिच्या सासऱ्याच्या, डोमाजीच्या वावरात होती, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवशी आम्ही तिचं नावही विचारलं नाही. उठलो आणि चालायला लागलो. शहर दिसायला लागल्यावर चंद्रभान म्हणाला, "वामन, कोनाले सांगू नको. माय मरून जाईन." मी मान हलवली.

अभिषेक झाला. उरलेलं पाणी गल्लीत तीर्थ म्हणून वाटलं. लीलाबाईनं पहिली पळी तोंडात घेतली आणि ओरडली, "अवं माय! पूर्णा गोड झाली!" गल्ली गोळा झाली. ज्यानं त्यानं चाखलं. बाया रडल्या, म्हाताऱ्यांनी आमचे पाय धरले. पाऊस काही आला नाही त्या वर्षी. पण पाणी गोड झालं, एवढ्यावर गल्लीनं तो दुष्काळ काढला, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या वर्षी पंचाईत आली. पूर्णेचं पाणी पुन्हा मचूळ. चमत्कार एका वर्षात मोडणार म्हणून घाबरून चंद्रभाननं घागरीत गुपचूप खडीसाखर टाकली. पकडला गेला तेव्हा म्हणाला, आठवण म्हणून टाकली. झाली प्रथा! मी कितीतरी श्रावण त्या घाटावर उभा राहून पोरांना खडे टाकताना पाहिलं आणि मला हसू यायचं. आता हसू येत नाही. आता ते दिवस आठवतात, बांबूचा वास, घासलेल्या तांब्याची लाली, चंद्रभानचा घामेजलेला खांदा माझ्या खांद्याजवळ. दोघांच्याच घागरी, ना डीजे ना फ्लेक्स. आता एकशे अकरा भरण्यांची कावड निघते आणि उचलायला चाळीस पोट्टे लागतात.

पाणी सांडलं हे सांगायची लाज होती, हे खरं. पण पन्नास वर्षांनी तरी पूर्ण खरं बोलावं. पाणी सांडलं याच्यापेक्षा पाणी कोणाच्या हातचं होतं हे सांगायची मला भीती जास्त वाटत होती. तहान लागली होती तेव्हा वाटली नाही. पोट भरल्यावर वाटली.

पुढं मी एसटीत लागलो आणि ड्यूटी मिळाली अकोला-अकोट. नशीब असं खोडकर. रोज चार वेळा निंबखेड फाटा. कधीमधी ती चढायची, काखेत पोर, हातात पिशवी. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. मी "कोठं?" विचारायचो, ती "अकोल्याले" म्हणायची. बस्स. गर्दी असली तरी मी तिला जागा करून द्यायचो आणि तेवढ्यावर स्वतःला भला माणूस समजायचो. एकदा उतरताना पायरीवर थांबून तिनं विचारलं, "भाऊ, तुमची कावड चालू हाय ना?"

"हो," मी म्हणालो आणि दोरी ओढली. दोन घंट्या. गाडी निघाली.

त्याच वर्षी मी अमरावती डेपोला बदली मागितली. लोक बढतीसाठी बदली मागतात, मी एका थांब्यापासून सुटायला मागितली. राजापेठेत भाड्यानं खोली घेतली, चांदूर बाजारच्या गाड्या केल्या, आणि बायकोला सांगितलं की अमरावतीचं पाणी मानवतं. कावडीपुरता तेवढा श्रावणात यायचो, निवृत्त झाल्यावरच गल्लीत परतलो.

तर, किशोर शिळेचं सांगून गेला आणि दुसऱ्या दिवशी मी अकोटच्या गाडीत बसलो. फाट्यावर उतरलो. निंब तसाच, खोड तेवढं रुंदावलेलं. त्याच्या सावलीलाच आता दुर्गाबाईचं घर. वर पत्रे, पुढं ओसरी. ती खाटेवर बसून तूर पाखडत होती. केस पांढरे, डोळ्यांवर जाड चष्मा. मला वाटलं, ओळख द्यावी लागेल.

"या कंडक्टर भाऊ," ती सुपातून मान वर न काढता म्हणाली. "लय लेट केली गाडी."

मी खाली ओसरीवर बसलो. ती खाट दाखवत होती, पण मला खालीच बसावंसं वाटलं. शिळेचं सांगितलं. मजकूर सांगितला. मग माफी मागितली. शब्द काय वापरले ते आठवत नाहीत. म्हणालो, मी सगळ्यांसमोर सांगतो, शिळेवर तुमचं नाव घालायला लावतो.

"माह्या नावाचा दगड काहाले पाह्यजे मले?" ती म्हणाली. "मी देवाले पानी नाही देल्लं, भाऊ. तहानेल्या मानसाले देल्लं. तुमच्या देवाचं तुमी पाहा."

"मंग मी काय करू, सांगा."

तिनं सूप बाजूला ठेवलं. आतल्या भिंतीकडे बोट केलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या बाजूला एका म्हातारीचा फोटो होता, कपाळ मोठं, ओठ घट्ट मिटलेले.

"हे माही सासू. त्या दिवशी दुसऱ्या फेऱ्यानं मले घरी याले संध्याकाय झाली. घरात पेयाले थेंब नोता, जावेची लेकरं रडून राहिली होती. इनं इचारलं, कोठी होती? मी खरं सांगतलं. का कावडवाले दोघं होते, पयले पेले अन् मंग कावडीत भरून नेलं. तं ही म्हने, खोटारडे! ते लोक आपल्या हातचं पानी देवाले घालतीन?" दुर्गाबाई थांबली. चष्मा काढून पदरानं पुसला. "मारलं नाही. पन मरेपर्यंत मले खोटारडीच म्हने. कोनी काही सांगतलं का, म्हने, दुर्गीची कावड सांगते काय? घरात बोलनंच होऊन गेलं ते. मालक हसे, पोरं हसत. आता नातू हसते. धम्मदीप. अमरावतीले प्रोफेसर हाय. त्याच्या बायकोलेही सांगतलं त्यानं, आजीची कावड."

मी एक चमत्कार सांभाळत बसलो होतो आणि इथं एका बाईनं खोटारडेपणाचा शिक्का पन्नास वर्षं वागवला होता. तो शिक्का माझा होता. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सोमवारी धम्मदीप येते," ती म्हणाली. "त्याच्या समोर सांगा. बस, एवढंच."

परत येताना सरळ किशोरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत उतरत कठीण झाला.

"म्हंजे माहा बाप खोटा होता?"

"तुहा बाप भेला होता रे. मीही भेलो होतो."

"पन्नास वर्सं गप होते अन् आताच काहून सुचलं? ते गेल्यावर? ते असते तं बोलले असते काय तुमी?"

खरं तर नसतो बोललो. मी तसं सांगितलं. तो उठून आत गेला आणि पुढचे चार दिवस माझा फोन घेतला नाही. मी मनाशी ठरवलं होतं, माइक नाही दिला तर नाही, फाट्यावर उतरून दुर्गाबाईच्या ओसरीवर उभा राहीन आणि ओरडून सांगेन. एसटीत ओरडायची सवय काही गेली नव्हती.

सोमवारी सकाळी घाटावर मला हार घालून टेम्पोत बसवलं. किशोर माझ्याकडे बघेना. भरणी भरली, खडीसाखर पडली, डीजे सुरू झाला. आठच्या सुमारास कावड निंबखेडला पोचली. पोट्ट्यांनी खांदे बदलले, पण टेकवली नाही. निंबाखाली विटांचा ओटा नवा बांधलेला. त्यावर शिळा नव्हती. पडदाही नव्हता.

किशोरनं हात वर केला आणि डीजे बंद करायला लावला. मग टेम्पोपाशी आला.

"काका," तो हळू म्हणाला, "दवाखान्यातून बाबांचा शेवटचा फोन आला, तं म्हने, निंबखेडच्या निंबापाशी माहं काही राह्यलं हाय, तू जाऊन ये. मले वाटलं, नवस असन. म्हनून दगड बसवून राहिलो होतो." त्यानं रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. "दगड दुकानातच हाय. तुमी सांगा. बाबाचंही सांगा, पुरं."

त्यानं माइक माझ्या हातात दिला. मी ओसरीकडे बघितलं. दुर्गाबाई दारात उभी होती, शेजारी चष्म्यातला, तिशीला टेकलेला एक माणूस. मी त्याच्याकडे बघूनच बोललो. सजवून नाही बोललो. मी पडलो, पाणी सांडलं, चंद्रभान रडला. एका पोरीनं घरच्यांसाठी दीड कोसावरून आणलेलं गोडं पाणी आमच्या घागरींत ओतलं आणि पुन्हा दीड कोस गेली. लीलाबाईनं चाखलं ते हे पाणी. पूर्णा गोड झाली नव्हती, दुर्गाबाईनं दिलेलं गोड होतं. तिनं घरी खरं सांगितलं, आणि आम्ही बाहेर गप्प बसून तिला खोटं पाडलं.

मागून कोणीतरी पुटपुटलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. कावडीखालच्या पोरांचे खांदे दुखत असणार, पण एकही हलला नाही.

मग किशोर चालत ओसरीपर्यंत गेला. दुर्गाबाईसमोर वाकला आणि ओंजळ पुढं केली.

"थांब, बाप्पा," ती गडबडली, "नयाचं हाय आता, इहिरीचं नाही." तिनं तांब्या आणला आणि ओतलं. तो प्यायला. डोळ्यांतलं पाणी त्याच ओंजळीत पडत होतं.

"आजी, एक भरनं रिकामं ठेवलं हाय आमी," तो म्हणाला.

"नाही रे. देवाले नाही देत मी." ती हसली. "ज्याच्या खांद्यावर वझं हाय, त्याले देतो. आन त्या पोट्ट्याइले इकडं, येक येक."

पोरं खांदे बदलत एकेक जण येऊन प्यायली. तांब्या भरून द्यायला धम्मदीप आत-बाहेर करत होता. मध्येच तो माझ्यापाशी थांबला. मग आजीकडे वळला आणि एवढंच म्हणाला, "खरंच होतं तं तुहं."

तिनं रिकामा तांब्या तिथंच ओसरीवर ठेवला, पदर सारखा केला आणि दाराच्या चौकटीला धरत आत गेली. मला उंबऱ्यातून दिसत होतं. भिंतीवरच्या त्या मिटल्या ओठांच्या म्हातारीसमोर ती जाऊन उभी राहिली.

"आयकलं काय, आत्याबाई?" ती म्हणाली. "मी खोटं नोती बोलत."